टेबल काढलं, डिव्ह लावले, तरी साइट खालीच: दोष नेमका कुठे शोधायचा

माझ्याकडे वर्षातून चार-पाच वेळा तरी हे एकच दुखणं येतं, आणि दोन रूपांत येतं. पहिलं रूप: "आमची साइट जुनी आहे, टेबलात बांधलीय, म्हणून गुगलवर दिसत नाही. डिव्हमध्ये करून द्या." दुसरं रूप काही महिन्यांनी येतं: "डिव्हमध्ये करून घेतली, आणि होती ती जागाही गेली."

ज्यांना हे शब्द नवे आहेत त्यांच्यासाठी: वेबपान एचटीएमएल या खुणांच्या, म्हणजे टॅगांच्या, भाषेत लिहितात. टेबल हा ओळी-रकान्यांच्या कोष्टकाचा टॅग, डिव्ह हा नुसत्या रिकाम्या चौकोनाचा. पानाची मांडणी दोन्हींनी करता येते.

दुसऱ्या रूपातला एक रुग्ण मी स्वतःच्या हाताने तयार केलेला आहे. आधी त्याचं सांगतो.

इचलकरंजीत यंत्रमागाचे सुटे भाग विकणारे एक मालक आहेत. शटल, पिकर, बॉबिन, असला सगळा माल. साइट २००९ ची. मधोमध ७६० पिक्सेल रुंदीचं टेबल, डावीकडच्या खान्यात मेनू, उजवीकडे भागांची कोष्टकं, आणि खाने आकसू नयेत म्हणून जागोजागी एका पिक्सेलचं पारदर्शक जिफ चित्र. दिसायला गबाळी, पण भागाचा नंबर टाकून शोधणाऱ्याला पहिल्या पानावर सापडायची. मालकांना कुणीतरी फोनवर सांगितलं की टेबलं असली की गुगल मागे टाकतं. "ते टेबल काढून टाका बघू," ते म्हणाले, "आणि मोबाइलवर नीट दिसू दे." दुसरी मागणी अगदी रास्त होती. पहिलीवर मी वाद घातला नाही, कारण काम हातात येत होतं.

नवी साइट देखणी झाली. तिसऱ्या आठवड्यात फोन आला: "चौकशाच बंद झाल्यात की. काय केलंय वो तुम्ही?"

आधी मूळ प्रश्नाचं उत्तर

मांडणी टेबलात केलीय, फ्लोटने केलीय, फ्लेक्सबॉक्सने की ग्रिडने (या डिव्ह मांडायच्या पद्धती), याचे गुगल गुण देत नाही आणि कापतही नाही. ते पानाचा एचटीएमएल आणतं, ब्राउझरसारखं पान उभं करून बघतं आणि त्यातून मजकूर, लिंका, चित्रं, शीर्षक वेगळं काढतं. मजकूर टीडीच्या (टेबलातल्या खान्याच्या) पोटात होता की डिव्हच्या, हे तिथे गौण ठरतं. गुगलच्या नवशिक्यांसाठीच्या मार्गदर्शिकेतच म्हटलंय की वेबवरचा एचटीएमएल एकंदरीत नियमाला धरून नसतो, त्यामुळे टॅगांमागच्या काटेकोर अर्थावर शोधाला क्वचितच विसंबता येतं. एच२ या मोठ्या उपशीर्षकाच्या टॅगाआधी धाकटा एच३ आला तरी शोधाच्या बाजूने काही बिघडत नाही, हेही तिथेच आहे. हॅकर न्यूज ही तंत्रज्ञानावरच्या चर्चांची साइट आजही टेबलांवरच उभी आहे आणि तिथल्या चर्चा शोधात हमखास सापडतात.

मग ही समजूत रुजली कशी? सीएसएसची (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेची) पहिली शिफारस डिसेंबर १९९६ ची, टेबल एचटीएमएल ३.२ मध्ये जानेवारी १९९७ ला आलं. कागदावर दोन्ही बरोबरीचे, पण ब्राउझर टेबल नीट दाखवायचे आणि सीएसएसची वाट लावायचे. म्हणून सगळ्यांनी टेबलात पानं बांधली. त्यात डावीकडचा मेनू कोडमध्ये आधी यायचा आणि खरा मजकूर दोनशे ओळींनंतर. शोधयंत्र वरच्या मजकुराला जास्त मानतं, असा तेव्हा बोलबाला होता. त्यावरचा तोडगा 'टेबल ट्रिक' म्हणून ओळखला जायचा: डावीकडे वर एक रिकामा खाना ठेवायचा, त्याच्या शेजारी दोन ओळी व्यापणारा मजकुराचा खाना, आणि मेनू दुसऱ्या ओळीत ढकलायचा. कोडमध्ये मजकूर आधी, डोळ्यांना मेनू जागच्या जागी. मीही हे इमानेइतबारे केलेलं आहे.

नंतर सीएसएसचे दिवस आले. त्याचे फायदे खरे होते: पानं हलकी झाली, बदल एका फाइलीत करता येऊ लागला, स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांची सोय झाली. पण गिऱ्हाईक यातल्या कशाचेही पैसे द्यायला तयार नसायचं. "गुगलवर वर याल" म्हटलं की तयार व्हायचं. तेव्हा हे अर्धसत्य बाजारात आम्हीच विकलं, आणि आता तेच गिऱ्हाइकाच्या तोंडून परत ऐकतोय.

मांडणीची पद्धत खरोखर नडली अशी उदाहरणंही आहेत. फ्रेमसेट म्हणजे एकाच पडद्यावर अनेक पानं चौकटींत दाखवायची जुनी पद्धत; त्यात प्रत्येक चौकटीचं पान वेगळं असायचं, त्यामुळे शोधातून येणारा माणूस मेनू नसलेल्या एकट्या तुकड्यावर उतरायचा. फ्लॅश या अडोबीच्या जुन्या अॅनिमेशन तंत्रात अख्खी साइट एका फाइलीत बंद असायची. तो मजकूर इंडेक्स करणं (शोधासाठी नोंदवणं) थांबवत असल्याचं गुगलने ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीर केलं आणि ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीनेच फ्लॅशचा गाशा गुंडाळला. दोन्हींत अडचण एकच होती: मजकूर किंवा त्याचा पत्ता यंत्राच्या हाती धड लागत नव्हता. आजही दोष शोधताना मी तेवढंच बघतो. नव्या कोडने काय लपवलं, काय हलवलं, काय उशिरा आणलं.

खरंच खाली गेलीय का, आणि कशी

स्वतःच्या फोनवर स्वतःच्या दुकानाचं नाव शोधून निष्कर्ष काढू नका. जागा, भाषा, जुने शोध, सगळं त्यात मिसळतं. गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकाला आपली साइट शोधात कशी दिसते ते दाखवणाऱ्या साधनात) १६ महिन्यांची आकडेवारी असते. नवी साइट चढवली त्या तारखेच्या आधीचे आणि नंतरचे चार-चार आठवडे शेजारी ठेवा, जमल्यास मागच्या वर्षीचे तेच आठवडेही. दिवाळीआधी आणि दिवाळीनंतर तुलना केली तर कुणाचीही साइट पडलेली दिसेल.

मग शब्दांनुसार बघा. इथे दोन वेगळ्या गोष्टी दिसतात आणि त्यांचं औषध वेगळं आहे. एखाद्या शब्दावर इम्प्रेशन (शोधाच्या निकालात पान दिसण्याच्या वेळा) चालू आहेत पण जागा चौथ्यावरून नवव्यावर सरकलीय, तर पान शर्यतीत आहे. दुसरं कुणी पुढे गेलंय किंवा पान कमजोर झालंय. पण इम्प्रेशनच एकदम संपली असतील, तर त्या शब्दासाठी तुमचं पान शर्यतीतच उरलेलं नाही. एक तर पान गेलं, नाहीतर पानावरचा शब्द गेला.

आमच्या मालकांच्या बाबतीत दुकानाच्या नावावरचे शोध जसेच्या तसे होते. भागांच्या नंबरांवरची इम्प्रेशन मात्र साफ झोपली होती. म्हणजे निम्मं निदान तिथेच झालं.

पान जागेवर आहे का

जुन्या साइटवर प्रत्येक भागाचा पत्ता पार्ट डॉट पीएचपी, प्रश्नचिन्ह, आयडी असा होता. मी वाचायला सोपे नवे पत्ते केले आणि जुने वाऱ्यावर सोडले. गुगलकडे वर्षानुवर्षं जमा असलेले पत्ते एका रात्रीत ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही', झाले. यात डिव्हचा काही संबंध नाही, पण मालकांच्या दृष्टीने 'टेबल काढल्यावर' झालं, आणि त्यांचंही चुकलं म्हणता येत नाही.

उपाय ठरलेला: प्रत्येक जुन्या पत्त्यावरून त्याच मालाच्या नव्या पानावर ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे कायमचं वळण. सगळे जुने पत्ते मुख्यपानावर वळवण्याचा आळशीपणा करू नका. असंबद्ध पानावर नेणारं रीडायरेक्ट गुगल 'पान सापडलं नाही' असंच धरू शकतं. आणि ही रीडायरेक्ट निदान वर्षभर काढू नका.

इथेच आणखी दोन गोष्टी बघून घ्या. काम चालू असताना चाचणीच्या साइटवर लावलेला नोइंडेक्स ('हे पान शोधात घेऊ नका' अशी खूण) खऱ्या साइटवर तसाच आला का? वर्डप्रेसमध्ये वाचनाच्या सेटिंगमध्ये शोधयंत्रांना दूर ठेवणारी एक खूण असते, ती काढायची राहते. हसू नका, अनुभवी माणसांचीही राहते. दुसरं, शोधयंत्राच्या बॉटने (पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामने) कुठे जायचं नाही ते सांगणाऱ्या रोबोट्स डॉट टीएक्सटी फाइलीत सीएसएस आणि जावास्क्रिप्टचे फोल्डर अडवलेत का? पूर्वी ते शहाणपण समजलं जायचं. २०१४ मध्ये गुगलने स्पष्ट सांगितलं की त्या फाइली अडवल्या तर त्याला पान नीट उभं करता येत नाही आणि त्याचा फटका बसू शकतो.

मजकूर यंत्राला दिसतोय का

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सर्च कन्सोलमध्ये पत्ता तपासा, लाइव्ह टेस्ट चालवा आणि 'तपासलेलं पान' उघडून त्यातला एचटीएमएल बघा. ब्राउझरमधला 'सोर्स' वेगळा, जावास्क्रिप्ट चालून झाल्यावरचा एचटीएमएल वेगळा. आपल्याला दुसरा हवा. पानावरचं एक नेमकं वाक्य घ्या आणि त्यात शोधा. सापडलं तर डिव्ह किती खोल आहेत याची फिकीर सोडा. नाही सापडलं तर चोर हाताला लागला.

मी मालकांच्या पानावर एक भाग-नंबर शोधला. नव्हता. दुसरा शोधला, तोही नव्हता. मग आठवलं. सहा रकान्यांची कोष्टकं मोबाइलवर पडद्याबाहेर जात होती. टेबल वापरायचं नाही असं ठरलेलं, डिव्हमध्ये रकाने जुळेनात, रात्रीचा एक वाजलेला, सकाळी साइट चढवायची. मी कोष्टकांचे स्क्रीनशॉट काढले आणि चित्रं म्हणून चिकटवले. पर्यायी मजकुरात काय लिहिलं होतं? 'कोष्टक'. प्रत्येक चित्राला.

चित्रातले आकडे पानाचा मजकूर म्हणून मोजले जातील, यावर विसंबता येत नाही. गिऱ्हाईक शोधत होतं नंबर, आणि साइटवर नंबर कुठेच लिहिलेला नव्हता. तेव्हा मी ती सगळी कोष्टकं पुन्हा टाइप केली आणि खऱ्या टेबलात घातली, वरच्या ओळीला टीएच या शीर्षखान्याच्या टॅगासकट. मोबाइलसाठी टेबलाभोवती एक डिव्ह, आणि त्याला आडवं सरकण्याची मुभा: ओव्हरफ्लो-एक्स ऑटो. दोन ओळींचं सीएसएस. हे त्या रात्री सुचलं असतं तर पुढचा सगळा खटाटोप वाचला असता. आकड्यांची, मापांची, दरांची माहिती टेबलातच असायला हवी; टेबल त्यासाठीच आहे. पानाचा सांगाडा टेबलात बांधणं जुनाट, पण टेबलातली माहिती डिव्हमध्ये कोंबणं त्याहून वाईट.

मजकूर हरवण्याच्या बाकी वाटा भराभर सांगतो. मोबाइलवर 'अधिक वाचा' किंवा उघडझाप करणाऱ्या पट्ट्यांमध्ये मजकूर झाकला असेल तर हरकत नाही, तो एचटीएमएलमध्ये असतो. पण बोट लावल्यावरच सर्व्हरवरून आणला जात असेल, तर गुगलचा बॉट बोट लावत नाही. तो पान सरकवतही नाही, त्यामुळे खाली सरकल्यावर येणारा माल त्याला न दिसण्याची शक्यता असते. मोबाइलसाठी पान हलकं करायचं म्हणून काही परिच्छेद सर्व्हरच गाळत असेल, तर ते परिच्छेद शोधातूनही गेले. गुगल आता साइटची मोबाइल आवृत्तीच इंडेक्ससाठी धरतं, आणि ते संक्रमण ऑक्टोबर २०२३ मध्ये पूर्ण झाल्याचं जाहीर झालेलं आहे. सीएसएसच्या बॅकग्राउंडमधून लावलेली चित्रं इमेज शोधात येत नाहीत. मालाचा फोटो आयएमजी टॅगातच हवा. आणि डिव्हला ऑनक्लिक (बोट लावल्यावर चालणारा कोड) लावून बनवलेलं बटण म्हणजे लिंक नव्हे. ए टॅग आणि त्यात एचरेफ (पुढच्या पानाचा पत्ता) असेल तरच बॉट त्या वाटेने पुढे जातो. जुन्या टेबलातल्या मेनूमध्ये साध्या लिंका असतात, नव्या देखण्या मेनूत बऱ्याचदा नसतात. कोड बदलल्यावर आतली पानं अनाथ होतात ती अशी.

मराठी साइटवाल्यांसाठी एक वेगळी तपासणी. पानावरची ओळ कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. देवनागरीच आली तर ठीक. रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला आला, तर मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टात आहे. डोळ्यांना 'हळद' दिसतं, पण फाइलीत ते अक्षर नाहीच. संस्थांच्या, मासिकांच्या जुन्या साइट नव्या थीमवर नेताना हा मजकूर तसाच उचलला जातो, आणि मग कितीही आधुनिक ग्रिड लावा, मराठीत शोधणाऱ्याला ते पान सापडणार नाही. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग मांडणी. रूपांतरानंतर एकदा डोळ्यांखालून घाला. रफार, र्‍ह, र्‍य आणि जोडाक्षरं हमखास मार खातात.

हेडमधला चोर

हा दोष दुर्मीळ वाटतो, पण मला तीनदा भेटलाय. पानाच्या हेडमध्ये (वाचकाला न दिसणाऱ्या, यंत्रासाठीच्या सूचनांच्या वरच्या भागात) टायटल, मेटा, लिंक, स्क्रिप्ट, स्टाइल, बेस, नोस्क्रिप्ट आणि टेम्प्लेट एवढेच टॅग चालतात. मधेच एखादा डिव्ह, आयफ्रेम (पानात दुसरं पान दाखवणारा टॅग) किंवा आयएमजी आला की हेड तिथेच संपलं असं धरलं जातं, आणि त्याखालच्या ओळी गुगल दुर्लक्षित करतं. जाहिरातवाल्यांनी दिलेला मोजणीचा तुकडा 'हेडमध्ये सगळ्यात वर टाका' म्हणून येतो आणि त्यात एक चित्र किंवा आयफ्रेम दडलेली असते. खाली पानाचा खरा पत्ता सांगणारा कॅनॉनिकल असतो, मराठी-इंग्रजी पानांची जोडी सांगणारा एचरेफलँग असतो, तो बाद. पान दिसायला ठणठणीत, कुठे लाल अक्षरांत चूक नाही. कोडच्या वैधतेला शोधात किंमत नाही हे खरं, पण हेड त्याला अपवाद समजा. उपाय: तसला तुकडा बॉडीत हलवा, किंवा निदान हेडच्या अगदी तळाला ठेवा.

आता वेगाकडे

कोडिंगची पद्धत आणि रँकिंग यांचा थोडाफार थेट संबंध कुठे असेल तर इथे. एप्रिल २०१५ पासून मोबाइलवर नीट दिसणाऱ्या पानांना मोबाइल शोधात झुकतं माप मिळू लागलं, आणि ७६० पिक्सेलच्या टेबलांची खरी पंचाईत तेव्हा झाली. व्ह्यूपोर्टचा (पडद्याच्या रुंदीनुसार पान मांडायला सांगणारा) मेटा टॅग नसेल तर फोन पान साधारण ९८० पिक्सेल रुंद समजून आक्रसून दाखवतो आणि अक्षरं मुंगीएवढी होतात.

२०२१ मध्ये कोअर वेब व्हायटल्स, म्हणजे पान वापरायला कसं वाटतं ते मोजणारे गुगलचे तीन निकष, शोधात धरले जाऊ लागले. मुख्य भाग दिसायला २.५ सेकंदांच्या आत, हालचाल (पान उतरताना मजकुराने मारलेल्या उड्यांचं माप) ०.१ च्या आत, आणि बोट लावल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत. हा तिसरा निकष आयएनपी मार्च २०२४ मध्ये एफआयडी या जुन्या निकषाच्या जागी आला. यांचा शोधात विचार होतो, पण हे सगळे हिरवे झाले म्हणून कुणी पहिल्या क्रमांकावर गेलं असं होत नाही, हे गुगलही सांगतं.

डिव्हमध्ये केलं म्हणजे पान हलकं झालं, असंही समजू नका. पेज बिल्डरने (कोड न लिहिता पान रचायच्या साधनाने) केलेल्या पानात एका ओळीच्या मजकुराभोवती आठ-आठ डिव्ह असतात. शिवाय तोच विभाग एकदा डेस्कटॉपसाठी, एकदा मोबाइलसाठी, आणि दोन्हींतला एक नुसता लपवलेला; आयएमजी टॅगातली चित्रं लपवलेली असली तरी सहसा उतरतातच. लाइटहाउस हे गुगलचं पान तपासायचं साधन साधारण ८०० घटकांनंतर कुरकुरायचं आणि १,४०० नंतर लाल व्हायचं. २००९ चं ते गबाळं टेबल या परीक्षेत आरामात पास झालं असतं.

देवनागरीत हालचालीचा त्रास जरा जास्तच. आधी फोनचा किंवा विंडोजचा स्वतःचा फॉन्ट दिसतो, मग आपला वेबफॉन्ट उतरतो, आणि दोघांची रुंदी नि मात्रांची उंची वेगळी असल्याने परिच्छेद एकदोन ओळींनी उड्या मारतो. जोडाक्षरांमुळे फॉन्टची फाइल रोमनपेक्षा जड असते, म्हणून उडी उशिरा आणि वाचता वाचता बसते. एकच वजनाचा फॉन्ट वापरा, डब्ल्यूओएफएफ२ या आटोपशीर फाइलप्रकारात ठेवा, आधी मागवून घ्या, पर्यायी फॉन्टाला सीएसएसच्या साइज-अॅडजस्टने जुळवा. चित्रांना रुंदी-उंची लिहा. पहिल्या पडद्यावरच्या चित्राला लेझी लोडिंग (गरज पडेल तेव्हाच चित्र उतरवणं) लावू नका.

सुधारणा केल्यावर दुसऱ्या दिवशी सर्च कन्सोल उघडून बसू नका. वेगाचे तिथले आकडे मागच्या २८ दिवसांतल्या खऱ्या वाचकांकडून येतात, आणि छोट्या साइटला तेवढे वाचक नसले तर येतच नाहीत.

इचलकरंजीच्या साइटवर रीडायरेक्ट आणि कोष्टकं एकाच दिवशी परत आली, त्यामुळे कशाचा किती वाटा होता हे मला कधीच कळलं नाही. नंबरांवरची इम्प्रेशन आधी हलली, चौकशा त्यानंतर. पान बघून मालक म्हणाले, "म्हणजे टेबल आलंच की परत." मी त्या कामाचं बिल लावलं नाही.

गेल्या महिन्यात त्यांचाच फोन होता. कुणीतरी सांगितलंय की आता सगळं ग्रिडमध्ये करायला लागतंय, नाहीतर गुगल मागे टाकतं. मी म्हटलं, करू, पण आधी सध्याच्या सगळ्या पानांच्या पत्त्यांची यादी काढतो, तोवर कुणाला हात लावू देऊ नका.